रेघांचा मूळ रंग

आमच्या बाथरूमच्या फरशीतल्या रेघा मुळातच करड्या आहेत, असं मी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

सांगायची तशी काही गरज नव्हती. त्यांनी आरोप केलाच नव्हता. बायको ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी पंधरवडाभर बाहेर गेली होती आणि "तुम्ही एकटे काय खाणार" या काळजीपोटी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आता या बाईंविषयी थोडं सांगायला हवं. एका मोठ्या इस्पितळाच्या त्या मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण चालणं अजून राउंडवर निघाल्यासारखंच. त्या खोलीत आल्या की मी हातातलं वर्तमानपत्र आपोआप घडी करून ठेवत असे. पंखासुद्धा जरा सांभाळून फिरतोय असं वाटे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आमचं बोलणं "प्रवास बरा झाला ना?" आणि "जेवून घ्या" यापलीकडे गेलेलं नव्हतं.

तर पहिल्याच सकाळी त्या आंघोळ करून आल्या, खुर्चीत बसल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "जावईबापू, तुमच्या बाथरूममधल्या टाइल्सच्या मधल्या फटींचा रंग मूळचा कुठला हो?"

"करडा," मी म्हणालो. "बिल्डरनं असाच दिलाय. सगळ्या इमारतीत असाच आहे."

"अस्सं," त्या म्हणाल्या.

या 'अस्सं'नं माझा घात केला. मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. समोरचा माणूस 'अस्सं' कधी म्हणतो हे मला नीट कळतं, कारण ते मी स्वतः रोज म्हणतो. गाडी झाडावर आदळली नाही, झाडच गाडीवर आलं, असं कुणी सांगितलं की मी म्हणतो, "अस्सं."

ऑफिसला जायला अजून वेळ होता. मी स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा घेतला, बाथरूमच्या पेल्यातला एक झिजलेला टूथब्रश उचलला आणि दाराजवळच्या फटीवर घासू लागलो. हेतू शास्त्रीय होता. घासल्यावरही करडंच राहिलं की सासूबाईंना बोलावून दाखवायचं, काही बोलायचं नाही, फक्त दाखवायचं.

ब्रशाखाली आधी चहासारखं काहीतरी निघालं. मग कॉफीसारखं. मग मी पाणी टाकलं आणि बघतच राहिलो. दोन बोटं रुंदीचा एक तुकडा दातासारखा पांढराशुभ्र झाला होता.

माणसानं अशा वेळी काय करावं? मी तो पुन्हा मळवायचा प्रयत्न केला. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. चपलेच्या तळव्यानं घासून पाहिलं. तो आणखी चकाकला.

"पांढरा आहे वाटतं," मागून आवाज आला.

"तेवढाच भाग असावा," मी म्हणालो.

"असेल. पण तो ब्रश माझा होता."

संध्याकाळी मी सासूबाईंसाठी नवा ब्रश आणि आमच्यासाठी फरशी घासायचे ब्रश घेऊन आलो. कारण आता इलाजच नव्हता. बाथरूमला जाणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी त्या पांढऱ्या तुकड्यावर पडणार आणि मग उरलेल्या फरशीवर. तो तुकडा काही स्वच्छ दिसत नव्हता; तो बाकीच्या बाथरूमविरुद्ध साक्ष देत होता. बायको परत यायच्या आत संपूर्ण फरशी पांढऱ्या रेघांची झाली नाही, तर आपण इतकी वर्षं कशावर उभं राहून आंघोळ केली, हे तिला कळणार होतं. त्याहून वाईट म्हणजे, दिवाणखान्यातल्या दर गप्पांत 'करड्या'ची गोष्ट निघणार होती.

ब्रशांचा जुडगा हातात घेऊन मी जिन्यात आलो आणि समोरच्या सल्लागारांनी मला पकडलं. हे आमच्या समोरच्या दारातले गृहस्थ. नोकरी कशाची करतात ते कुणाला ठाऊक नाही, पण त्यांना सगळ्यातलं ठाऊक असतं. 'सल्लागार' हे नाव इमारतीनं दिलेलं, आणि त्यांना ते माहीत असून आवडतं.

"फटी? नुसत्या सोड्यानं नाही होणार," ते म्हणाले. "वरून व्हिनेगर ओता. कसा फसफसतो बघा! आणि त्यात भांड्यांचा लिक्विड साबण घाला चांगला सढळ हातानं. घाण वर उचलली जाते."

त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका उतरत होत्या. "लिंबू," त्या जाता जाता म्हणाल्या. "निम्मं कापा, मीठ लावा, घासा. बाकी सगळं थोतांड आहे."

"लिंबानं हात स्वच्छ होतील, फरशी नाही," सल्लागार म्हणाले.

"तुमची फरशी पाहिलीय मी," शिक्षिका म्हणाल्या आणि निघून गेल्या. सल्लागारांनी मला खिडकीच्या काचांपासून कानातल्या मळापर्यंत सगळ्यावर व्हिनेगर कसं चालतं ते सांगितलं. घरी पोचेपर्यंत माझं डोकंच फसफसत होतं.

सासूबाईंनी मात्र लिंबाची बाजू घेतली. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही लिंबानं घासलं. मी जमिनीवर गुडघे टेकून, त्या दारात बुटक्या स्टुलावर. अर्ध्या तासात बाथरूमला छान सरबताचा वास आला. रेघा तशाच राहिल्या. माझ्या बोटाला भाजीच्या सुरीनं कापलं होतं, ते मला लिंबामुळे नव्यानं कळलं.

"चुकलं माझं," सासूबाई म्हणाल्या. इतक्या सरळ! ना पण, ना परंतु. आमच्या ऑफिसात चूक कबूल करायला लोक सहा महिने आणि तीन सह्या घेतात. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. या बाईंकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं असेन.

दुसऱ्या दिवशी व्हिनेगर, सोडा आणि सढळ हाताचा साबण. मी सोडा पसरला, साबण ओतला, वरून व्हिनेगर टाकलं आणि बाथरूममध्ये ढग उतरला. फेस माझ्या घोट्यांपर्यंत आला. फार सुंदर दिसत होतं. आत काहीतरी मोठं कार्य चाललंय असं वाटत होतं. मी विजयी मुद्रेनं बादलीभर पाणी ओतलं, सगळा फेस मोरीतून गडगडत खाली गेला, आणि रेघा होत्या तशाच शांतपणे वर आल्या.

खालच्या मजल्यावर मात्र कार्य सिद्धीला गेलं होतं. आमच्या बरोबर खाली सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. ते त्या वेळी आंघोळीला बसले होते. त्यांच्या मोरीच्या जाळीतून फेस वर यायला लागला. आधी त्यांना वाटलं आपलाच साबण. मग तो गुडघ्यापर्यंत आला. पाइपातून बुडबुड आवाज यायला लागला. ते टॉवेल गुंडाळून जिना चढून आले तेव्हा त्यांच्या एका कानावर अजून थोडा फेस होता.

"वर काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"साफसफाई," मी म्हणालो.

"साफसफाईला एवढा फेस?" ते आत येऊन बाथरूमच्या दारात उभे राहिले आणि दाराजवळच्या त्या पांढऱ्या तुकड्यावर त्यांची नजर थांबली. जाताना फक्त म्हणाले, "अस्सं."

मला वाटलं, प्रकरण फेसावर मिटलं.

तिसऱ्या दिवशी सल्लागारांनी दारातूनच तोडगा सांगितला. "व्हिनेगरनं सैल झालंय, आता वर ब्लीच टाका. बघा कसं उघडतं!" मला ते पटलं. अपयशानं माणूस फार ऐकून घेऊ लागतो. मी फरशीवर व्हिनेगर शिंपडून ठेवलं, ब्लीचची बाटली उघडली आणि वाकवणार, इतक्यात, वास तिथवर पोचला असावा, स्वयंपाकघरातून एक आवाज आला. तो आवाज इस्पितळाच्या लांबच लांब व्हरांड्यांसाठी घडवलेला होता.

"अरे थांब गाढवा!"

मी थांबलो. मला वाटतं आमच्या मजल्यावरचे सगळेच थांबले. पुढच्या क्षणी त्या आत होत्या. माझ्या हातातली बाटली त्यांच्या हातात, झाकण बंद, खिडकी सताड उघडी, मी दंड धरून बाहेर, आणि नळ पूर्ण सोडून फरशीवर पाण्याचा लोंढा. हे सगळं कधी झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

"ही दोन एकत्र आली की विषारी वायू होतो," त्या म्हणाल्या. "या एवढ्याशा खोलीत! खिडकी लावून! माझ्या मुलीला मी फोनवर काय सांगायचं होतं? फटी पांढऱ्या झाल्या, पण... असं?"

मग आम्ही दोघं हॉलमध्ये येऊन बसलो. जावयाला गाढव म्हटल्याचा संकोच त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल म्हणून मी वाट पाहिली. दिसला नाही. मला तो हवाही नव्हता. खरं सांगतो, मला त्या हाकेनं इतकं बरं वाटलं की बस. इतक्या वर्षांच्या 'प्रवास बरा झाला ना'पेक्षा ते गाढव फार जवळचं होतं.

"हायड्रोजन पेरॉक्साइड," त्या एकदम म्हणाल्या. "चादरीवरचे रक्ताचे डाग आम्ही त्यानं काढायचो. सोड्यात कालवून लावून पाहू. चाललं तर चाललं. आणि त्यात तिसरं काही घालायचं नाही, सल्लागार जिन्यात लोळून सांगू देत."

मी औषधांच्या दुकानात गेलो. "पेरॉक्साइड. आहे तेवढं द्या," मी म्हणालो.

औषधवाल्यानं चष्मा खाली केला. "कोणाला लागलंय?"

"कोणाला नाही. फरशीला."

"फरशीवर पडून कोणाला लागलंय?"

"कोणी पडलेलं नाही. फरशीलाच लावायचंय."

त्यानं माझ्या कापलेल्या बोटाकडे पाहिलं, सोललेल्या गुडघ्यांकडे पाहिलं (पँट घरची, गुडघ्यावर विरलेली), आणि अत्यंत मायेनं बाटल्यांबरोबर कापसाचा एक गुंडाळा दिला. "जपा," तो म्हणाला.

आणि काय सांगू, ते चाललं! सोड्यात पेरॉक्साइड घालून दाट लेप करायचा, फटींवर लावायचा आणि मग बसून राहायचं. ही बसून राहण्याची गोष्ट मला जड जाई. मी लगेच ब्रश उचलायचो आणि सासूबाई स्टुलावरून म्हणायच्या, "घाई नको. भिजू दे. चिकटलेली पट्टी ओढून काढतात का कधी?" मग घासायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि पुढची रेघ. ऑफिसातून आलो की चहा आणि लगेच फरशी. त्या लेप लावायच्या, मी घासायचो. भिजायच्या वेळात त्या वॉर्डातल्या गोष्टी सांगायच्या. रात्रपाळीला घोरणाऱ्या डॉक्टरांच्या, घरी जायचंच नाही म्हणून ताप वाढवून दाखवणाऱ्या म्हाताऱ्याच्या. इतकी हसवणारी बाई आपल्याच नात्यात होती आणि मी तिच्यासमोर वर्तमानपत्राची घडी करत बसलो होतो! एकदा तर एका रुग्णानं थर्मामीटर चहात बुडवल्याची गोष्ट ऐकताना मी ब्रशासकट आडवा झालो.

फरशी जवळजवळ होत आली आणि सोसायटीची नोटीस आली. 'विनापरवानगी फरशी बदलल्याबाबत.' खुलासा होईपर्यंत आमच्या बाथरूमची पाण्याची लाइन बंद. मी तसाच सेक्रेटरींकडे गेलो.

"फरशी बदललेली नाही. घासलीय," मी म्हणालो.

"कॉन्ट्रॅक्टर कोण?"

"कोणी नाही."

"म्हणजे बिनपरवान्याचा कॉन्ट्रॅक्टर." त्यांनी मान डोलावली. "मलबा कुठे टाकलात?"

"मलबा निघालाच नाही."

"म्हणजे परस्पर टाकलात." हेही त्यांनी मान डोलावूनच म्हटलं. मला माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या लोकांविषयी पहिल्यांदाच कळवळा वाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहणीसाठी अध्यक्ष आणि सेक्रेटरी आले. मागून, बोलावलेलं नसताना, सल्लागार आले. बायको परत यायला दोनच दिवस उरले होते आणि आम्ही स्वयंपाकघरातून बादल्या वाहत होतो. माझा चेहरा, मला खात्री आहे, अत्यंत आरोपीसारखा दिसत होता. सासूबाई बाथरूमच्या दारात उभ्या होत्या.

"आत एकेक जण," त्या म्हणाल्या. "आणि ओल्या रेघेवर पाय नको."

अध्यक्ष आत गेले. बराच वेळ खाली पाहत राहिले. हे गृहस्थ वास्तुविशारद. इमारतीतलं सगळं सामान त्यांनीच निवडलेलं, हे ते दर सभेत सांगतात. "या टाइल्स मी स्वतः पसंत केल्या," ते म्हणाले. "मधला रंग करडा. मला स्वच्छ आठवतंय. हे काम नवीन आहे."

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच सासूबाईंनी लेपाची वाटी, ब्रश आणि बुटकं स्टूल उचललं होतं. "चला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तुमच्याकडे."

जिन्यातून वरात निघाली. सर्वांत पुढे सासूबाई, मागे स्टूल त्यांच्या हातातून काढून घेतलेला मी, मग अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सल्लागार. अध्यक्षांच्या बायकोनं दार उघडलं. सासूबाई थेट बाथरूममध्ये जाऊन स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मधोमध एका रेघेला लेप लावला. मग म्हणाल्या, "आता थांबायचं."

अशी शांतता मी एवढ्या माणसांत कधी अनुभवली नव्हती. सहा माणसं एका वाळत चाललेल्या रेघेकडे पाहत होती. सल्लागार "व्हिनेगर—" एवढंच म्हणाले आणि सासूबाईंनी नुसती मान वळवली. ते पुढचं गिळून बसले. त्यांना गप्प बसलेलं पाहणारी आमची पहिलीच पिढी असावी.

मग त्या वाकल्या, चार हात ब्रश मारला, फडकं फिरवलं. करड्या फरशीच्या मधोमध एक पांढरी शुभ्र रेघ उठून दिसली.

"अहो!" अध्यक्षांच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात घरातलं सगळं करडं एकदम आलं होतं.

"तेव्हा दुकानात उजेड कमी होता," अध्यक्ष म्हणाले.

नोटीस मागे घेता येत नाही, असं सेक्रेटरींनी मला जिन्यात समजावलं. ती फक्त निकाली काढता येते. त्यासाठी मला फरशी घासण्याची परवानगी मागायची होती आणि ती त्यांनी मागच्या तारखेपासून दिली. लाइन सुरू झाली. त्या आठवड्यात आसपासच्या दुकानांतला सोडा संपला, इमारतीत प्रत्येक मजल्यावरून घासण्याचा आवाज येई, आणि औषधवाला मला रस्त्यात पाहिलं की हळूच विचारी, "आता सगळे बरे आहेत ना?"

बायको रविवारी सकाळी आली. आम्ही दोघं हॉलमध्ये काही घडलंच नाही असे बसलो होतो. ती आंघोळीला गेली. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. ती बाहेर आली, केस पुसत म्हणाली, "गीझरला काय झालंय? पाणी कोमटच येतंय."

माझा चेहरा पडला असावा. माणूस कशाची किती वाट बघत असतो ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं.

"चष्मा लाव आणि परत आत जा," सासूबाई म्हणाल्या. "आणि खाली बघ. या माणसानं गुडघे सोलून घेतलेत. मी इस्पितळात भल्याभल्यांकडून कामं करून घेतली, पण असा चिवट माणूस नाही पाहिला."

माझे कान गरम झाले. बायको चष्मा लावून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, तू आत्ता यांचं कौतुक केलंस?"

"जे आहे ते सांगितलं."

"मी शाळेत पहिली आले, तेव्हा म्हणाली होतीस, गणितातले दोन मार्क कुठे गेले."

"गेलेच होते की," सासूबाई म्हणाल्या. पण आवाज व्हरांड्याचा नव्हता. चांगलाच खाली आला होता.

बायकोनं बाह्या वर सारल्या आणि मला म्हणाली, "वॉशिंग मशीनखालचं राहिलंय ना? ते सरकवा."

ते खरंच राहिलं होतं. मी बाथरूमच्या कोपऱ्यातलं मशीन एका बाजूनं उचलून कलतं धरलं. खाली अस्सल करडा पट्टा होता. ती फरशीवर बसली. सासूबाईंनी स्टूल ओढलं आणि काही न विचारता लेप कालवला. त्यांनी लावला, तिनं ब्रश उचलला आणि लगेच खाली ठेवला, कारण आईनं हात वर केला होता.

"भिजू दे."

दोघी बसून राहिल्या. मग तिनं घासलं. कोपऱ्यापर्यंत, अगदी भिंतीच्या कडेपर्यंत, ओठ घट्ट मिटून. फडकं फिरवलं आणि बाजूला सरली. "झालं," ती म्हणाली, आणि परीक्षेचा कागद देऊन उभ्या राहिलेल्या मुलीसारखी आईकडे पाहत राहिली.

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली वाकल्या. त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं.

"छान केलंस," त्या म्हणाल्या. "फार छान केलंस गं."

बायकोनं मनगटानं डोळा पुसला. "सोडा गेला," ती म्हणाली.

"पाण्यानं धू," सासूबाई म्हणाल्या आणि मग स्वतःच पदरानं तिचा चेहरा पुसू लागल्या. नेमका कुठला डोळा, ते त्यांनी विचारलं नाही.

मी मशीन धरून उभा होतो. हात भरून आले होते, पण सोडलं असतं तर ते थेट त्या ओल्या रेघेवर आलं असतं. म्हणून तसाच धरून राहिलो.